कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला चालतं का?

प्रश्न: ताई, आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो, घर मिळेपर्यंत सांभाळायला आणलेली दोन कुत्री आणि मांजरीची पिल्लं आहेत, पाडवा झाला आणि कुत्र्यांना गोचिड्या झाल्यात, तेच औषध पिल्लांना लावू का?

उत्तर: अजिबात नको! कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराला विषच, अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याला लावलंत तरी वाळेपर्यंत पिल्लं दुसऱ्या खोलीत, चाटाचाटी बंद. पिल्लांचं औषध डॉक्टरांनी वजन बघून दिलेलंच. गोचिडी अंडी भिंतीच्या फटीत घालते, त्यामुळे फटी बघा, आणि खाली सोलापुरी चादर अंथरली असेल (आपल्याकडे दुसरं काय अंथरणार!) तर कडक गरम पाण्यातून काढा. गाईचं दूध देत असाल तर तेही थांबवा, पिल्लांना हगवण लागते.