अंतर किलोमीटरमध्ये नको, तासांत मोजा

लढाई किंवा व्यापारी मार्ग अभ्यासायला घेतलात की आधी १:५०,००० चा समोच्चरेषांचा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा समोर ठेवा. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण माणसं अंतर नव्हे, वेळ चालतात. १८९२ पासून वापरात असलेला नेस्मिथचा नियम सोपा आहे: ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला १ तास जास्त. म्हणजे १५ किलोमीटर वाट आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेचार तास. हा हिशोब धडधाकट, मोकळ्या माणसाचा. ओझ्याची जनावरं, चिखल, नदीचा पूर यांचा वेळ वेगळा धरा.

नवशिके सर्रास फसतात ते आजचा भूगोल जुन्या काळावर चिकटवून. ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत गेलात तर डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये ऐसपैस मैदान दिसतं, आणि इथे मूठभर ग्रीकांनी प्रचंड इराणी सैन्य अडवलंच कसं, असा प्रश्न पडतो. लढाई झाली तेव्हा, इ.स.पू. ४८० मध्ये, ते मैदान नव्हतंच. स्पर्खिओस नदीच्या गाळाने किनारा पुढे काही किलोमीटर सरकला आहे. म्हणून जुना किनारा, नदीचं जुनं पात्र आणि जंगलाची हद्द पेन्सिलीने वेगळी काढा. खात्री नसेल तिथे तुटक रेषा.

आणि हो, 'डोंगर होता म्हणून राज्य टिकलं' असं लिहायचा मोह आवरा. तोच डोंगर असताना राज्य पडलं कधी, तेही तपासा.