मुंबई एकदा पाहून झाली आहे. पुन्हा जायचं तर वेगळं काय पाहावं?

हार्बर लाइनने, म्हणजे पूर्व किनाऱ्याकडून जाणाऱ्या लोकलने फिरा. माझं एवढंच सांगणं आहे, पण ते अगदी मनापासून आहे.

गेटवे, मरीन ड्राइव्ह, राणीची बाग हे मीही कॉलेजच्या सहलीत पाहिलं होतं. मुंबईचा समुद्र म्हणजे चौपाटीचा, सूर्य बुडतो तो, असंच डोक्यात बसलेलं. पुढे धाकट्या बहिणीला दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी येणं जमेना, म्हणून आई आणि मी महिनाभर कॉटन ग्रीनला तिच्याकडे राहिलो. सकाळची कामं आवरली की दोन-तीन तास माझे असायचे. तेव्हा पूर्वेचा किनारा पायी पाहिला.

मशीद स्टेशनपासून सुरुवात करा. हे नाव तिथल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून पडलं, असं सांगतात. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, सिनेगॉगलाही (त्यांच्या प्रार्थनास्थळालाही) मशीदच म्हणत. सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये ते स्थापन केलं. दिवेकर, पेणकर ही आडनावं कोकणातल्या गावांवरून आलेली आणि घरातली भाषा मराठी. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून गावाकडे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. हे सगळं कळल्यावर मी त्या गल्लीत बराच वेळ उभी राहिले. आपल्याच भाषेतली इतकी माणसं आपल्याला ठाऊकच नव्हती, याचं खरंच वाईट वाटलं. आत जायचं असेल तर आधी परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा आणि शनिवार टाळा.

इथून जवळच गोदी आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापूस भरलेलं जहाज फुटलं. आग विझवायला गेलेले कितीतरी जवान त्यात गेले. देशभर त्याच तारखेला अग्निशमन दिन पाळतात.

पुढे डॉकयार्ड रोडला उतरून माझगावातली माथारपाखाडी शोधा. ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची ही जुनी वाडी. लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने, मध्येच एक क्रूस आणि मराठीचीच एक गोड बोली. टिळकांचे सहकारी, स्वराज्य मागणाऱ्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि पुढे मुंबईचे महापौर झालेले जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा इथलेच. लोक आजही तिथे राहतात, तेव्हा विचारल्याशिवाय कुणाच्या ओट्याचा फोटो काढू नका. मला एका आजींनी स्वतःहून पाणी विचारलं आणि मग अर्धा तास घराचा इतिहास सांगितला.

भाऊच्या धक्क्यावर मात्र पहाटेच जायला हवं. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी बांधलेला म्हणून हे नाव. आई अलिबागकडच्या रेवसला जाणारी लाँच बघायला म्हणून आली आणि मासळीच्या लिलावातच रमली. पाट्या डोक्यावर घेऊन धावणारी माणसं, बर्फ, आणि भाव ठरवताना कुणाचंही न ऐकणाऱ्या कोळणी. पायात रबरी चप्पल घाला, जमीन निसरडी असते.

शिवडी शेवटी ठेवा. टेकाडावरचा छोटा किल्ला पाहून खाली जेट्टीकडे या. हिवाळ्यापासून मेपर्यंत इथल्या चिखलात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. मागे अटल सेतू, तेलाच्या टाक्या, मोडक्या होड्या आणि मध्ये ती गुलाबी रांग. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा ऐन भरती होती. चिखल पूर्ण पाण्याखाली, एकही पक्षी नाही. जेट्टीवरच्या एका मच्छीमार काकांनी समजावलं की पाणी चढत येतं तसे पक्षी काठाकडे सरकतात, म्हणून भरतीच्या दोनेक तास आधी येऊन थांबायचं. दुसऱ्या दिवशी तसंच केलं आणि ते इतके जवळ आले की चोचीने चिखल ढवळल्याचा आवाज ऐकू येत होता. तेव्हा निघण्याआधी भरतीची वेळ नक्की बघा.