पहिल्या मॅचला कुठलं पिस्तूल, कुठलं डिव्हिजन?

प्रश्न: आयपीएससीची (पळत-फिरत टार्गेटवर पिस्तूल चालवायची नेमबाजी) पहिलीच मॅच खेळायचीये. माझं साधं ९ एमएम पिस्तूल आहे, लोखंडी साइट्सवालं. क्लबात सगळे म्हणतात डॉट (ठिपक्यावर नेम धरायची साइट) लाव, ओपनमध्ये (बदल केलेल्या पिस्तुलांचं डिव्हिजन, म्हणजे गट) जा. काय करू?

उत्तर: काही नवीन घेऊ नका हो, आहे तेच न्या. पिस्तूल प्रॉडक्शनच्या (साध्या पिस्तुलांचं डिव्हिजन) मंजूर यादीत आहे का तेवढं बघा, असेल तर तेच डिव्हिजन. तिथे स्टार्टला मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त १५ राउंड चालतात, म्हणजे रिलोड जास्त, म्हणून चारेक मॅगझिन आणि पाउच हवेतच आणि ट्रिगर झाकणारं घट्ट होल्स्टर, यात कंजूषी नको. स्कोअरिंग सगळ्यांना मायनरच (कमी ताकदीच्या राउंडचं), टार्गेटवर मधल्या ए ला ५, त्याबाहेरच्या सी ला ३, डी ला १, म्हणजे घाईत सी मारत सुटलात तर पॉइंट्स जातात. ओपनमध्ये मेजरवाल्याला (जास्त ताकदीचे राउंड) सी ला ४ मिळतात, शिवाय झटका कमी करणारा कॉम्पेन्सेटर, मोठी मॅगझिन, तिथे तुमचं साधं पिस्तूल मार खाणार. डॉटच हवा तर प्रॉडक्शन ऑप्टिक्स आहे, पण होल्स्टरमधून ड्रॉ केल्यावर डॉट शोधण्यातच वेळ जातो सुरुवातीला. आणि नंबराचं सोडा, पळताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर ठेवा, नाहीतर थेट डीक्यू, म्हणजे मॅचमधून बाद.