गुण विचारू नका, उत्तरपत्रिका मागा

प्रश्न : माझी मुलगी एका अनुदानित मराठी शाळेत तिसरीत आहे. आधी पायाभूत चाचणी, मग संकलित एक, पुढे संकलित दोन. चाचणी जवळ आली की चित्रकला आणि खेळाचे तास बंद होतात, रोज सरावपत्रिका सोडवून घेतात. गणितात तिला कमी गुण पडले, तर ‘वर्गाची टक्केवारी खाली आली’ असं बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. तेव्हापासून शाळेत जायच्या वेळी तिच्या पोटात दुखतं. शिकवणी लावू का?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, शिकवणी लावू नका. लेकीला आधी एवढंच सांगा की या चाचणीत कुणी नापास होत नाही. आपल्याकडे वर्षाच्या शेवटी अडवणारी परीक्षा आहे ती पाचवीला आणि आठवीला, आणि तिथंही पुन्हा परीक्षेची संधी मिळते. तिसरीतल्या पोरीच्या पोटात दुखावं असं यात काहीच नाही.

मी दिंडोरी आणि पेठ तालुक्यांत वर्ग सांभाळले, पुढे केंद्रप्रमुख झालो. चाचणीला माझा विरोध नाही. भाषा, गणित आणि इंग्रजीत मूल कुठं अडलंय ते बाईंना कळावं, यासाठीच ती घेतात. पण गुण ऑनलाइन भरले की शाळाशाळांची तुलना सुरू होते. मग बैठकीत टक्केवारी विचारली जाते, आणि जे विचारलं जातं तेच वर्गात शिकवलं जातं. बाईंवरही वरून दबाव असतो. तरी सगळ्या वर्गासमोर त्या जे बोलल्या, ते चूकच.

अमेरिकेनं हे आपल्या आधी भोगलंय. 2002 साली तिथं कायदा आला : तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी, आणि निकाल सुधारला नाही तर शाळेवर कारवाई. अनेक शाळांनी इतिहास, विज्ञान, कला यांचे तास कापून वाचन-गणिताला दिले. अटलांटा शहरात तर शिक्षकांनीच मुलांची उत्तरं खोडून बरोबर केल्याचं 2011 च्या चौकशीत उघड झालं. 2015 मध्ये तो कायदा बदलला. चाचण्या राहिल्या, पण कारवाईची सक्ती बरीच सैल झाली.

आता तुमच्या लेकीचं गणित. बाईंकडे गुण मागू नका, उत्तरपत्रिका बघायला मागा. 52 वजा 27 बरोबर 35 असं लिहिलेलं सापडलं, तर तिनं सातातून दोन वजा केलेत. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मोठ्यातून लहान काढून ती मोकळी झाली. दशक सुटा करणं तेवढं राहिलंय. दहा-दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी तिच्या हातात द्या आणि सत्तावीस रुपये मागा. एक नोट मोडल्याशिवाय ते देता येणार नाहीत, हे तिचं तिलाच कळेल. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर घेऊन जा, भाजीचे पैसे तिला मोजू द्या. सरावपत्रिकांच्या गठ्ठ्यानं हे होत नाही, कारण मूल तीच चूक पानोपानी गिरवत राहतं.

पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचा विषय निघेल, कारण ती परीक्षा पाचवी-आठवीवरून पुन्हा चौथी-सातवीला आणली आहे. ती ऐच्छिक आहे. लेकीला गोडी वाटली तर बसवा, नाहीतर राहू द्या.

राहिला खेळाच्या तासाचा प्रश्न. एकट्या जाऊन भांडू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित शाळेतही शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्या वर्गातल्या चार-पाच आया मिळून त्या पालक सदस्यांना गाठा. चाचणीच्या आधीच्या पंधरवड्यात खेळाचे आणि चित्रकलेचे तास खरंच झाले का, एवढंच बैठकीत विचारायला सांगा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.