ठाण्यात मैत्रिणीला बाळ झालंय, बघायला जाताना उपयोगी असं काय न्यावं?

बघायला येणारा जो तो नवजात मापाचं झबलं घेऊन येतो. आमच्या लेकीला चौदा आली होती, त्यातल्या पाचांची घडीसुद्धा मोडली नाही. पाचेक महिन्यांत बाळाचं वजन जन्माच्या दुप्पट होतं, म्हणून कपडे न्यायचेच तर सहा ते नऊ महिन्यांच्या मापाचे, सुती, पुढून उघडणारे घ्या.

माझं मत विचाराल तर डझनभर मऊ दुपटी न्या. ठाण्याच्या पावसात काही म्हणजे काही वाळत नाही. आमच्याकडे दोरीवर, खुर्चीच्या पाठीवर, पंख्याखाली नुसती दुपटीच. जांभळी नाक्याला बघा. एकदा धुऊन नेलीत तर उत्तम, नव्या कापडाची खळ बाळाला टोचते.

काजळ, गुटी, मध नकोच. वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो.

आणि बाळंतिणीला विसरू नका. डिंकाचे, अळिवाचे लाडू ढीगभर येतात, पण गरम वरणभात-भाजीचा डबा कोणी देत नाही. आमच्या शेजारच्या काकू डबा देऊन म्हणाल्या, "परत द्यायची घाई नको गं." मला तेवढ्यानेच रडू फुटलं होतं.

जायच्या आधी फोन तेवढा करा, दुपारी दोघं झोपलेली असतात.