तोंडी ऑफर आली म्हणजे स्कॉलरशिप पक्की का?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत हायस्कूलला आहे, अकरावीत. एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांचा सर्वात वरचा गट) कॉलेजच्या बास्केटबॉल कोचने फोनवर सांगितलं की तुला फुल स्कॉलरशिप देतो. आता बाकीच्या कॉलेजांना 'नको' असं कळवून टाकायचं का?

उत्तर : नाही हो, एवढ्यात अजिबात नको! फोनवरची ऑफर दोन्ही बाजूंना बांधील नसते, मुलगा 'हो' म्हणाला तरी कोच मागे फिरू शकतो आणि मुलगाही. लेखी ऑफर बारावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टआधी देताच येत नाही, आणि खरं पक्कं होतं ते आर्थिक मदतीच्या करारावर सही झाली की. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (त्याच कॉलेजात जाणार असं खेळाडूने सही करून देण्याचं पत्र) असायचं, ते २०२४ मध्ये बंद झालं.

कोचला सरळ विचारा, माझ्या मुलाच्या जागेवर अजून किती जणांना ऑफर दिलीय? कारण एका जागेसाठी चार-पाच पोरांना ऑफर देणं तिथे नेहमीचंच, आणि आता ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) तयार खेळाडू मिळतात म्हटल्यावर हायस्कूलच्या पोरांसाठी जागा अजूनच कमी. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉल टीमला आधी १३ स्कॉलरशिप असायच्या, २०२५-२६ पासून नवी सेटलमेंट (खेळाडूंना पैसे देण्याबाबतची कोर्टातली तडजोड) स्वीकारलेल्या कॉलेजांत टीममध्ये १५ खेळाडूंची मर्यादा आहे. करार एक वर्षाचा की जास्त, दुखापत झाली तर काय, हे सहीआधी नीट वाचा.

डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांचा तिसरा गट) आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ नामांकित विद्यापीठं) खेळाची स्कॉलरशिप नसतेच, पण प्रवेश मिळाला तर आर्थिक गरजेनुसार मदत चांगली मिळू शकते, त्यामुळे मार्कांकडे दुर्लक्ष नको.