मन तयार नसताना सुरुवात कशी करायची?

प्रश्न : नवरा रोज पितो. ‘मनात आलं की सोडीन’ म्हणतो. तोवर वाट पाहायची का?

नको, ताई. व्यसनमुक्ती केंद्रात अनेक जण बायकोच्या, आईच्या हट्टामुळेच येतात. येताना मन तयार नसतं, आत राहून तयार होतं. तुम्ही एवढं करा : सोमवारी त्यांच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं थांबवा. ते शुद्धीवर असताना विचारा, ‘दारूमुळे तुम्हाला स्वतःला काय नकोसं झालंय?’ विचारून गप्प बसा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेल्या समुपदेशन पद्धतीचा पायाच हा आहे, की बदलाची कारणं माणसाच्या स्वतःच्या तोंडून यावी लागतात. मारहाण होत असेल तर मात्र आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता पाहा.

प्रश्न : सहा महिने सोबर आहे. एएमधले (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेले माझे मार्गदर्शक, बारा पायऱ्यांतली चौथी, स्वतःच्या आढाव्याची पायरी लिहायला सांगतात. लिहायला बसलो की दुसऱ्यांच्याच चुका आठवतात.

मग त्याच लिहा. चौथ्या पायरीचा आढावा रागापासूनच सुरू होतो. वहीत रकाने आखा : राग कोणावर, कशाबद्दल, माझं काय दुखावलं. समजा लिहिलंत, ‘मेव्हणा. लग्नात चारचौघांत बोलला. इज्जत गेली.’ आता त्याचं नाव झाका आणि चौथा रकाना भरा : यात माझा वाटा काय? ‘त्याचे घेतलेले पैसे दिले नव्हते. लग्नात पिऊन गेलो होतो.’ इथे पेन अडतं, आणि खरं काम इथेच आहे. मेव्हणा चुकला असेलही, पण त्याला बदलणं तुमच्या हातात नाही.

एका बैठकीत सगळं उपसू नका. तलफ येत असेल त्या रात्री वही उघडूच नका, स्पॉन्सरना फोन करा. आणि लिहिलेलं स्वतःजवळ कोंडून ठेवू नका. पाचव्या पायरीत ते दुसऱ्या माणसाला सांगायचं असतं, नाहीतर अपराधीपणा वाढून माणूस पुन्हा बाटलीकडे जातो. दोष लगेच जायला हवेत असंही नाही. सहावी पायरी फक्त ते सोडायला तयार होण्याची आहे, आणि मला ती फार माणुसकीची वाटते.

प्रश्न : सकाळी घोट घेतल्याशिवाय हात थरथरतात. उद्यापासून मनाच्या जोरावर एकदम बंद करणार आहे. बरोबर ना?

निश्चय सोडू नका, पण एकट्याने एकदम बंद करू नका. तुमच्या शरीराला दारूची सवय झाली आहे. ती अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, किंवा 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. सोबत कुणाला तरी न्या. डॉक्टरांना रोज किती पिता ते खरं सांगा. निम्मं सांगितलंत तर औषधाचा डोस कमी पडेल.